नापासबाईंचा हत्ती

आमच्या गल्लीत माझ्या नणंदेला नावाने कुणी ओळखत नाही. नापासबाईंचं घर कुठलं असं विचारा, कोपऱ्यावरचा शिंपी तोंडातली सुई न काढता आमच्या दाराकडे मान करील. हे नाव मीच ठेवलं, लग्न होऊन आले त्या वर्षी, आणि ते काही प्रेमाने ठेवलेलं नव्हतं. मी स्वतः त्यांना वन्सं म्हणते. सासूबाईंनी तसं म्हणायला सांगितलं होतं, आणि पुढे भांडायला तेच सोयीचं पडलं. ‘अहो वन्सं’ अशी सुरुवात केली की मग वाट्टेल ते बोलता येतं, उद्धट म्हणून कुणी नावं ठेवत नाही.

वन्संची नोकरी म्हणजे खेळणी मोडायची. थट्टा नाही करत. गावाबाहेर, जिकडे सगळी गोदामं आहेत त्या रस्त्याला, एक प्रयोगशाळा आहे. परदेशात विकायला जाणाऱ्या खेळण्यांचे नमुने आधी तिथे येतात. कुणी त्यांचा रंग खरवडून त्यात विषारी काही आहे का बघतं, कुणी ती फरशीवर आपटतं, कुणी त्यांच्यावर वजन ठेवतं. वन्संच्या टेबलावर येतात ती कापडी जनावरं. अस्वलं, ससे, बदकं. ती आधी धुवायची, वाळवायची. मग डोळा चिमट्यात पकडून पिळायचा, मग वजनाच्या काट्याला अडकवून ओढायचा. काटा ठरलेल्या खुणेवर आला की दहा आकडे मोजायचे. डोळा जागेवर राहिला तर मग नाक, मग कान, मग पाठीची शिवण. टेबलाच्या कडेला एक लोखंडी नळकांडं ठेवलेलं असतं, आतून तिरकं, लहान पोराच्या घशाच्या मापाचं. त्याला तिथे सगळे घसाच म्हणतात. जे काही सुटून हातात येईल ते घशात टाकायचं. पुरतं आत गेलं, की खेळणं नापास.

बरं, नोकरी नोकरीच्या जागी ठेवावी की नाही? ते नाही. घरी आल्यावरही हात शिवशिवायचे. कुणी खुर्चीत बसायच्या आधी खुर्ची हलवून बघणार. कुकरचा दांडा पिळून बघणार. माझी नवी पर्स आणली त्या दिवशी तिचा पट्टा इतका ओढला, इतका ओढला, की तो कडी सोडून हातात आला. वर मलाच म्हणतात, “बघितलंत? नापास.”

“तुम्ही ओढलात म्हणून तुटला ना!”

“कुणीतरी ओढलाच असता, वहिनी.”

आता याच्यावर माणसाने काय बोलावं! लग्नाचंही तेच झालं. स्थळं आली, गेली. एकाचं बोलणं टोकदार, एकाचं वागणं सैल, एकाचा रंग पहिल्या धुण्यात जाईल असा. हे सगळे त्यांचे शब्द बरं का, माझे नाहीत. आमचे हे म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. ते पहिले काही दिवस चिडले, मग हात टेकले. वन्सं आमच्याच घरी राहिल्या. मागची खोली त्यांची, खिडकीशी टेबल, टेबलावर एक दिवा. खोलीत एक वस्तू हलत नाही की करकरत नाही.

माझी लेक झाली तेव्हा मला वाटलं, आता तरी या मऊ पडतील. पडल्या, पण त्यांच्या तऱ्हेने. माझ्या भावाने भाचीला बाहुली पाठवली. वन्संनी ती हातात घेतली, आणि मी नको नको म्हणेपर्यंत तिचे डोळे, हात, बटणं सगळं पिळून ओढून झालं. बाहुलीही काही कच्ची नव्हती. एक टाका हलला नाही. लेक पाळण्यातून दोन्ही हात पुढे करत होती. वन्संनी बाहुली सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली.

“अहो, पास झाली ना ती? मग द्या की पोरीला!”

“तपासलेलं द्यायचं नसतं, वहिनी. ताण बसलाय तिला. आता ती पहिल्यासारखी राहिली नाही.”

“मग न तपासलेलं देऊ?”

“न तपासलेलं कसं देणार?”

घ्या! तपासलेलं द्यायचं नाही आणि न तपासलेलं देता येत नाही. म्हणजे माझी पोर चमचे आणि डबे घेऊन खेळली. नातेवाईक हसायचे. खेळण्यांच्या प्रयोगशाळेतली आत्या आणि पोरीच्या हातात उलथणं, म्हणायचे. मी कितीतरी वेळा तोंडाचा पट्टा सोडला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आणि तरी सांगते, ती पोर माझ्यापेक्षा त्यांचीच जास्त. ताप आला की तिला आत्याच लागायची. वेण्या आत्याने घालायच्या, गणितं आत्याने शिकवायची, शाळेत कुणी मारलं तर ते आधी आत्याच्या कानात. मला जळायला व्हायचं, खोटं कशाला बोलू. लेक लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली तेव्हा मी रडले ते सगळ्यांनी पाहिलं. वन्संनी तिच्या सामानाच्या सगळ्या बॅगांच्या चेन उघडून मिटून बघितल्या, आणि मग मागच्या खोलीचं दार लावून घेतलं ते दुसऱ्या दिवशी कामावर जायलाच उघडलं.

मग नात झाली. लेक काही महिने आमच्याकडे राहायला आली, आणि आमच्या नापासबाईंना पहिल्यांदा जगात काहीतरी पास झालेलं दिसलं. पोरगी एवढीशी, पण कामावरून येणारी चप्पल ओळखायची. वन्सं दारात आल्या की ही कुठे असेल तिथून त्यांच्या दिशेने ढुंगण उचलायला बघायची. हात धुऊन, कपडे बदलून वन्सं जमिनीवर मांडी घालून बसायच्या आणि ही त्या मांडीवर. झोपही तिथेच. मांडीला मुंग्या आल्या तरी बाई हलायच्या नाहीत. मी म्हणायचे, “अहो, गादीवर ठेवा की.” तर म्हणायच्या, “गादीला काय कळतंय?”

पोरगी रांगायला लागली तेव्हा वन्संनी जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. दुकानात जाऊन खेळणं विकत आणलं. निळा हत्ती. वीतभर उंचीचा, मऊ, कान गुलाबी, काळे चमकदार डोळे. खोका उघडताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही, शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारखा.

लेक हसायला लागली. “आत्या, हा ओढून नाही बघणार?”

“याच्या भावाला ओढलंय मी. माझ्याच टेबलावर होता. आठवडाभर छळला, हूं की चूं केलं नाही त्याने. धुतला, पिळला, डोळ्यांना लोंबकळायचं तेवढं बाकी होतं. इतका चांगला हत्ती माझ्या टेबलावर दुसरा आलेला नाही.” मग म्हणाल्या, “जन्मल्यापासूनच्या मुलांना चालेल असं लिहिलंय खोक्यावर. ते माझ्यामुळे लिहिलंय.”

म्हणजे बघा, तपासलेलाही आणि न तपासलेलाही. एवढी वर्षं अडलेलं गाडं सुटलं म्हणून आम्ही दोघी त्या दिवशी भांडलो नाही.

पुढचं मला सांगायला नको वाटतं, पण सांगायला हवं. सुट्टीचा दिवस होता, दुपारची वेळ. लेक अंघोळीला गेली होती. मी ओट्याशी. हे पेपर वाचत होते. नात चटईवर, आणि तिच्याशेजारी वन्सं, डोळ्यात तेल घालून. पोरीने हत्तीचं तोंड स्वतःच्या तोंडात कोंबलं. मी स्वयंपाकघरातून ओरडले, “अहो वन्सं, घाण जाईल तोंडात!” त्या म्हणाल्या, “चावू दे. रंग पक्का आहे. डोळा पक्का आहे. सगळं मी बघितलंय.”

मग नुसती शांतता. मला आधी वाटलं, झोपली. पोर रडली असती तर बरं, खोकली असती तरी बरं. काहीच नाही. मी वळून बघते तो पोरीचं तोंड उघडं, डोळे मोठे, ओठ निळे व्हायला लागलेले, आणि वन्संनी तिला पालथी करून एका हातावर घेतली होती आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने तिच्या पाठीत मारत होत्या. चांगल्या जोरात. माझ्या हातातलं पातेलं कुठे गेलं मला आठवत नाही. एकदा मारलं, पुन्हा मारलं, पुन्हा. मग काहीतरी टक् करून फरशीवर पडलं आणि पोरीने असा काही टाहो फोडला की शेजारीण धावत आली. फरशीवर पडला होता तो हत्तीचा डोळा.

डॉक्टरांनी बघितलं. घशात ओरखडा आहे, बाकी काही नाही, म्हणाले. वेळेवर केलंत म्हणून वाचली, म्हणाले. आमच्या ह्यांनी बहिणीच्या पाठीवर हात ठेवला, लेक तर आत्याच्या गळ्यात पडून रडली. घरी आलो. पोर झोपली. तेव्हा लेकीने तो हत्ती उचलला. त्याच्या उरलेल्या डोळ्याला अंगठा आणि बोट लावलं आणि ओढलं. काटा नाही, चिमटा नाही. डोळा तिच्या हातात आला, मागच्या अर्धवट बसवलेल्या चकतीसकट.

“हा तू पास केलास?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

वन्सं म्हणाल्या, “याचा भाऊ.”

दुसऱ्या दिवशी लेक पोरीला घेऊन तिच्या घरी गेली.

वन्सं त्या दिवशी थेट कामावर गेल्या नाहीत. बाजारात गेल्या. निळा हत्ती जितक्या दुकानांत मिळाला तितक्या दुकानांतून एकेक आणला, सगळे खोके छातीशी धरून बस पकडली आणि प्रयोगशाळेत जाऊन आपल्या टेबलावर मांडले. एकाचा डोळा काटा निम्म्यावर यायच्या आधीच सुटला. एकाचा पिळतानाच. एखादा टिकलाही. सुटलेले सगळे डोळे एकामागून एक घशात गेले. ते सगळं ताटलीत घालून त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. मला हे त्यांनीच सांगितलं, संध्याकाळी, पायातली चप्पल न काढता.

साहेबांनी विचारलं, “हे कुणी पाठवले?”

“मी आणले. दुकानातून.”

“मग हे नमुने नाहीत, बाई. ही तुमची खरेदी आहे.”

“साहेब, माझी नात मेली असती.”

साहेब उठले, त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. बसा म्हणाले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “आपल्या रिपोर्टच्या तळाशी काय छापलेलं असतं?”

ते वन्संना झोपेतही आलं असतं. हा निकाल फक्त पाठवलेल्या नमुन्यापुरता आहे.

“मग? आपण खोटं कुठे बोललो?” साहेब म्हणाले. कारखान्याला कळवतो, तोंडी सांगून बघतो, पण त्यांना दुखवलं तर ते दुसऱ्या प्रयोगशाळेकडे जातील आणि तिथे तुमच्यासारखी बाई नसेल, असंही म्हणाले. वन्सं मला म्हणाल्या, “माणूस वाईट नाही हो तो.” मला विचाराल तर वाईट माणूस परवडला. त्याला चार शिव्या तरी घालता येतात.

मी विचारलं, “पण असं होतंच कसं? तुमच्या टेबलावरचा टिकतो आणि दुकानातला सुटतो?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. कारखान्यात नमुन्यांचं टेबल वेगळं असतं. हात चांगला असलेली एखादीच कारागीर तिथे बसवतात, तिला घाई करत नाहीत. ती दुहेरी दोरा घालते, डोळ्यामागची चकती पूर्ण दाबून बसवते, दोनदा बघते. तो हत्ती प्रयोगशाळेत येतो. बाकीचे हजारो हत्ती दुसऱ्या टेबलांवर होतात, आणि तिथे हाताला उसंत नसते.

“हे तुम्हाला आज कळलं?”

“नाही. हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं. चहाला बसलो की हसतो आम्ही त्यावर. नमुना आला की म्हणतो, आला बाई नटूनथटून.”

“ठाऊक होतं? आणि तरी आणलात तो घरी?”

त्या चपलेच्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. “हातात घेतला होता ना मी त्याला,” म्हणाल्या. “मीच ओढला होता, वहिनी. दुसऱ्या कुणी ओढला असता तर नसता आणला.”

मला इतका राग आला, इतका राग आला! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बाईने आयुष्यभर जगावर अविश्वास दाखवला, दारावरच्या कडीवर नाही विश्वास ठेवला, आणि विश्वास टाकला तो नेमका स्वतःच्या हातावर. पण त्यांच्या चेहऱ्यावर बोलायला जागाच नव्हती.

सरकारी कचेरीतही जाऊन आल्या. तिथल्या माणसाने विचारलं, मूल दगावलं का? नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. मग खोका मागितला, पावती मागितली. घरातला खोका कचऱ्यात गेला होता. बाजारातून आणलेल्यांचे होते, पण त्यांनी कुणाला इजा केलेली नव्हती. तक्रार नोंदवून घेतो, म्हणाला. नोंदवली असेल.

लेक अधूनमधून यायची. बोलायची, चहा प्यायची, आत्याला औषध घेतलंस का विचारायची. पण पोरीला कडेवरून खाली सोडायची नाही. पोर वन्संकडे झेपावायची, आणि लेक तिला दुसऱ्या कडेवर घ्यायची.  वन्सं जमिनीवर मांडी घालून बसायच्या मात्र, रोजच्यासारख्या, मांडी रिकामी.  इतकी वर्षं ज्यांच्याशी भांडले त्यांच्याशेजारी मी भाजी निवडायला जाऊन बसायचे, आता बोला!

मग एक दिवस वन्सं घरी येऊन म्हणाल्या, “हत्ती आलाय.” कारखान्याने कापड बदललं होतं, आता पिवळा हत्ती काढायचा होता, आणि परदेशातल्या दुकानांना नव्या रंगाचा नवा रिपोर्ट लागतो. डोळा तोच, चकती तीच, टेबल वन्संचंच. माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. मी लेकीला फोनवर सांगून टाकलं. ती संध्याकाळीच आली, पोरीला जावयांकडे ठेवून.

“आत्या, नापास कर,” ती म्हणाली.

“सुटला तर करीनच की.”

“सुटणार नाही. तुला माहितीये सुटणार नाही. तरी कर.”

वन्सं तिच्याकडे अशा बघायला लागल्या, जणू ती परक्या भाषेत बोलत होती. लेक शांतपणे समजावत गेली. एकदा नापासचा रिपोर्ट गेला, की माल अडेल. परदेशातलं गिऱ्हाईक विचारील, का नापास झाला? कुणीतरी कारखान्यात जाईल, ती दुसरी टेबलं बघील. “दुकानातला हत्ती नापास आहे की नाही? तू स्वतः बघितलंस. मग नापास लिहिणं खोटं कसं?”

“माझ्यासमोर जो आहे त्याचं लिहायचं असतं मला. जो नाही त्याचं कसं लिहू? आणि माझं एक नापास खोटं निघालं, तर पुढचं खरं नापास कोण ऐकेल?”

“खरं तरी कोण ऐकतं? दुसरा नमुना पाठवतात, तो पास होतो.”

  खरं लिहिलं तर ते खोटं, आणि खोटं लिहिलं तर तेच खरं. असला गुंता देवाने शत्रूलाही घालू नये. मला स्वतःला विचाराल तर मी डोळे मिटून नापास लिहिलं असतं आणि शांत झोपले असते. पण मी त्या टेबलावर बसले नाही कधी. त्या घरी पर्सचे पट्टे तोडतील, पण न सुटलेल्याला सुटला म्हणणार नाहीत, हे मला त्यांच्या भावाहून जास्त ठाऊक होतं.

लेक उठली. “मला तुझ्याकडून दुसरं काही नको, आत्या. हत्ती नापास झाला, की पोरगी तुझ्या मांडीवर आणून ठेवीन. नाही झाला, तर नको मला ते. तुझा हात लागला की मला ओठ दिसतात तिचे.”

“अगं, काय बोलतेस हे! त्याच हाताने वाचवलंय तिला,” मी म्हणाले.

“माहितीये,” ती म्हणाली आणि रडायला लागली. रडत रडतच चपला घातल्या.

तो आठवडा आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. वन्सं रोज जायच्या, रोज यायच्या. मी विचारायचे, “झालं?” त्या म्हणायच्या, “आज धुतला.” मग, “आज वाळतोय.” हे बिचारे पेपर उलटा धरून बसायचे. मीच एकदा म्हणाले, “अहो वन्सं, तुमचं ते शास्त्र राहू द्या बाजूला. सोन्याची सुरी झाली म्हणून ती पोटात मारून घेतात का?” त्यांनी उठून कुकरचा दांडा पिळून बघितला.

निकालाच्या दिवशी लेक पोरीला घेऊन आधीच येऊन बसली होती. वन्सं दारात आल्या. चप्पल वाजली मात्र, पोर लेकीच्या मांडीवरून सुटली. लेकीने या वेळी धरलं नाही तिला. पोर चटई ओलांडून, उंबऱ्यापर्यंत रांगत गेली आणि वन्संच्या पायाला धरून उभी राहिली. घरात पहिल्यांदाच उभी राहिली. वन्सं तशाच खाली बसल्या, हात न धुता, दारातच. आणि ही चढली मांडीवर.

लेकीने विचारलं, “काय लिहिलंस?”

मी लेकीच्या मागे उभी होते. मी मान हलवली, डोळे मोठे केले, हाताने खुणा केल्या. सांगा ना हो, नापास म्हणून सांगा! इथे कोण तुमचा रिपोर्ट वाचायला येतंय? तिकडे पास लिहा, इकडे नापास सांगा, आमचं घर सांधून जाईल. वन्संनी माझ्याकडे बघितलं. खुणा त्यांना अगदी नीट कळल्या होत्या. पोरीने त्यांचं बोट मुठीत धरून तोंडाकडे नेलं होतं.

“पास,” त्या म्हणाल्या.

लेक उठली. वन्संच्या समोर बसली, पोरीची मूठ त्यांच्या बोटावरून सोडवली, एकेक बोट करत, अगदी हलक्या हाताने, आणि तिला उचलून घेऊन गेली. पोरीचं रडणं जिन्यात, मग गल्लीत, मग रिक्षाच्या आवाजात गेलं.

मी तोंड सोडलं. आयुष्यात बोलले नव्हते तेवढं बोलले. काय मिळालं, म्हटलं. कोण बक्षीस देणार आहे तुमच्या खरेपणाचं, तो साहेब? की तो कारखानदार? परदेशातल्या कुणाच्या तरी पोरांची काळजी वाहून म्हातारपण आलं, आणि घरातली एक पोर सांभाळता येईना! एक शब्द होता हो तो, नुसता एक शब्द! हे “पुरे, पुरे” म्हणत होते, पण मी ऐकते कसली.

वन्सं दारातच बसल्या होत्या. उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं. ते सुजलेलं होतं, चांगलं टम्म, आणि चिमट्याचा वळ तळव्यावर उठला होता. तेव्हा कुठे मी थांबले.

“खूप ओढला हो, वहिनी,” त्या म्हणाल्या. “खुणेपर्यंत ओढला. मग कुणी बघत नव्हतं तेव्हा खुणेच्या पुढे ओढला. काटा संपला, मग हाताने ओढला. सुट रे बाबा, सुट, म्हणत होते.”

मी त्यांच्याशेजारी बसले. “मग?”

“नाही सुटला. फार छान केलाय त्यांनी तो हत्ती.”